चौथ्या ओळीतला पायमोजा

आर्मस पेल्टोनेननं आयुष्यात एकही लाकडी जमीन ठोकलेली नाही, हे मला ज्या शुक्रवारी कळलं, त्या दुपारी माझ्या हातातला पेचकस सुटून बाकाखाली घरंगळत गेला. तो अजून तिथंच असेल. मी वाकून शोधायच्या अवस्थेत नव्हते.

परक्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण आमच्या गावात ही बातमी म्हणजे पाद्रीबाबांनी रविवारी उभं राहून, 'मंडळी, बायबल मी उघडून बघितलेलं नाही' असं सांगण्यासारखी होती. हॅन्कॉकपासून वर सरोवराच्या काठापर्यंत गेल्या चौतीस वर्षांत मेपलच्या पट्ट्या ठोकून जेवढ्या जमिनी झाल्या, त्यातली एकही आर्मसच्या शब्दाबाहेर झालेली नाही. अवजारं भाड्यानं देणाऱ्या दुकानाचा तो गल्ल्यावरचा माणूस. मी मागच्या खोलीत बसून बिघडलेली यंत्रं दुरुस्त करते, त्याला एकोणीस वर्षं झाली. दोघांमध्ये भिंत, आणि भिंतीत एक खिडकी. त्या खिडकीतून त्याचं प्रवचन मी इतक्यांदा ऐकलं आहे, की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

कुणीतरी नेलर, म्हणजे हवेच्या जोरावर पट्ट्यांत खिळे ठोकायचं यंत्र, न्यायला यायचं, म्हणायचं, "जमिनीचा नेलर पायजे, शनिवारी."

"लाकूड कुठं हाय?" आर्मस मान वर न करता विचारायचा.

"गॅरेजमधी."

"मग नेलर न्हाई. जा घरी. लाकूड बैठकीत आणून ठेव, धा दिवस. तुझ्या घरची हवा लागू दे त्याला. तुझी बायको नवी आली तवा म्हैनाभर फुगून बसली हुती का न्हाई? लाकडाचं बी तसंच. आधी फुगू दे, बसू दे, मग ठोक."

"विकतच घ्यावा म्हंतो मी."

"खोल्या किती?"

"एक."

"एका खोलीला भाड्यानं न्यायचा. तीन असल्या तर विकत घ्यायचा आन काम झालं की मेव्हण्याला विकायचा."

आमचा मालक गस हे ऐकून कपाळाला हात लावायचा, पण बोलायचा नाही. कारण लोक नेलरसाठी येत नव्हते, आर्मससाठी येत होते. मग आर्मस गल्ल्यावर पट्टीचा एक तुकडा ठेवायचा. तिच्या एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसणारी जीभ. खाचेचं तोंड भिंतीकडं, जीभ खोलीकडं. नेलर जिभेवर बसवायचा, तिरका. हातोडा नेलरच्या डोक्यात मारायचा. "पट्टीच्या माथ्यात खिळा मारलास तर जलमभर दिसंल. जिभेत मार. पुढची पट्टी येती आन झाकून टाकती." शेवटी तो त्या हातोड्याचा पांढरा रबरी माथा तळहातावर आपटून म्हणायचा, "आन भिऊन मारू नगंस. भिऊन मारलेला खिळा अर्धाच जातो."

हे वाक्य म्हणायचा तो. गावातल्या अर्ध्या बाप्यांनी ते पाठ केलेलं. आणि म्हणणारा स्वतः?

ऐका.

आर्मसला एकच मुलगी, जोलीन. बारा वर्षं मिलवॉकीला नोकरीत होती. गेल्या पानगळीत परत आली आणि खाणकंपनीनं जुन्या काळी बांधलेल्या घरांपैकी एक घेतलं. बापलेकीत भांडण म्हणाल तर काही नव्हतं, पण बोलणंही बेताचंच. तिच्या लहानपणी शनिवार-रविवारी आर्मस कायम दुकानात. ते सगळे शनिवार दुसऱ्यांच्या घरच्या जमिनींनी खाल्ले. आई, मार्व्हा, सहा वर्षांपूर्वी गेली. तिच्या दफनाला आली तेवढं जोलीनचं येणं.

तर एप्रिलमध्ये, रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग काळे पडून आटत होते तेव्हा, ती दुकानात आली. गल्ल्यापाशी ड्वेन मट्टिला उभा होता. ड्वेनला काही न्यायचं नसतं. तो दुकानात असतो, एवढंच.

"बाबा," जोलीन म्हणाली, "मेपल आलंय. आजच बैठकीत रचून ठेवलं. दहा दिवस, बरोबर ना?"

"बरूबर," आर्मस म्हणाला.

"अख्ख्या गावाच्या जमिनी तुझ्या हातनं झाल्या. आता माझी. पुढच्या शनिवारच्या पुढचा शनिवार. येशील?"

मी खिडकीतून बघत होते. आर्मसनं गल्ल्यावरचा पट्टीचा तुकडा उचलला, उलटासुलटा केला, परत ठेवला. मग म्हणाला, "व्हय."

ड्वेननं गल्ल्यावर थाप मारली. "उस्तादाचं काम बघाय मी बी येणार! खिम्या-बटाट्याच्या पेस्ट्या मी आणतो!"

त्यानंतरच्या दहा दिवसांत लाकूड घराला रुळलं असेल, पण आर्मस बिघडत गेला. गालिचा धुवायचं यंत्र मागणाऱ्या बाईला त्यानं झाडं कापायची करवत दिली. मिसेस कार्वोनेन, वय अठ्ठ्याऐंशी. ती बिचारी करवत गाडीत ठेवून घेऊन गेलीसुद्धा. मला पळत जाऊन परत आणावी लागली. मला वाटलं रक्तदाब वाढला असेल. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. तो म्हणाला, डॉक्टरचा इलाज न्हाई ह्याच्यावर.

मग तो शुक्रवार. दुपारी अडीचला आर्मस माझ्या खोलीत आला आणि त्यानं दार लावून घेतलं. एकोणीस वर्षांत ते दार लागलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याच्या हातात नेलर होता. जिवंत डुक्कर उचलून आणल्यासारखा छातीशी धरलेला.

"बर्नी," तो म्हणाला, "ह्ये कुठनं धरायचं?"

मी हसले. तो हसला नाही.

"आर्मस, काय बिघडलंय त्यात?"

"त्यात काय बिघडलं न्हाई. मला येत न्हाई."

"काय येत न्हाई?"

"ठोकाय. कधी ठोकलं न्हाई. एक पट्टीसुदीक न्हाई."

इथं तो पेचकस पडला.

मला आठवतं, मी काहीतरी मूर्खासारखं बोलले. "पण तू तर चौतीस वर्षं..." असं तीन-चारदा. तो पालथ्या बादलीवर बसला आणि त्यानं सांगितलं. कागदाची गिरणी बंद पडली होती, मार्व्हाला दिवस गेले होते. गसचा बाप तेव्हा मालक. त्यानं विचारलं, नेलर चालवतोस का? आर्मस म्हणाला, व्हय. एवढंच. पहिल्या गिऱ्हाइकानं विचारलं कसं ठोकायचं, तर यानं यंत्राबरोबरच्या पुस्तिकेतलं वाचून सांगितलं. सोमवारी ते गिऱ्हाईक शिव्या देत परत आलं: भिंतीपाशी फट सोडली नाही म्हणून जमीन फुगून वर आली. आर्मसनं ऐकून घेतलं. पुढच्याला सांगितलं, फट सोड. तो पुढच्या सोमवारी दुसरीच चूक घेऊन आला.

"तसंच चाललंय," आर्मस म्हणाला. "शनिवारी मी सांगतो, सोमवारी गाव मला सांगतं. मला फकस्त चुका येत्यात, बर्नी. लोकांच्या. सगळ्या तोंडपाठ हायेत. पर हात..." त्यानं तळहात पुढं केले. इतके मऊ हात, आणि मी कधी बघितले नव्हते! रोज माझ्या पुढ्यात असून!

मला एकदम त्याच्या घरातला गालिचा आठवला. भिंतीपासून भिंतीपर्यंत तपकिरी. चौतीस वर्षं लाकडी जमिनी सांगणाऱ्याच्या घरात एक पट्टी दिसत नाही, आणि आम्ही त्यांच्याकडं कॉफी प्यायला जाऊन त्याच गालिच्यावर पाय पसरून बसायचो.

"मार्व्हाला म्हाईत हुतं?"

"म्या सांगितलं न्हाई. तिनं इचारलं न्हाई. एक दिस म्हणाली, मला बाई लाकूड गार लागतं पायाला, गालिचाच घालूया." त्यानं तळहात गुडघ्यांवर पुसले. "थंडीत अनवाणी फिरायची घरभर."

मी म्हटलं, "उद्या सकाळी गेल्या गेल्या जोलीनला सांगून टाक."

"सांगितलं तर ती म्हणंल, राहू दे बाबा, दुसरं माणूस बघते. शांतपणे म्हणंल. ती वरडत न्हाई." त्यानं नेलर मांडीवर घेतला. "तिनं मला आजपत्तुर एकच काम सांगितलंय, बर्नी. एक. त्ये बी माझ्या हातनं गेलं, तर ती पुन्यांदा कशाला येतीया माझ्याकडं?"

मी कंप्रेसर चालू केला.

मीसुद्धा जमीन ठोकलेली नाही, हे इथं सांगून टाकते. पण यंत्र दुरुस्त झालं की नाही बघायला मी हजारो खिळे लाकडाच्या ठोकळ्यात मारले आहेत. तेवढं ज्ञान त्याला दिलं. पहिला घाव त्यानं असा घातला, की मी म्हटलं, "साप मारतोयस का कुत्रं थोपटतोयस?" दुसऱ्याला खिळा अर्धाच गेला. तिसऱ्याला मला कळलं काय होतंय: घाव घालताना तो दर वेळी डोळे मिटायचा. घट्ट. लहान पोर औषध पिताना मिटतं तसे.

"डोळं उघड!"

"उघडंच हायेत की!"

दुकान बंद होईस्तोवर दहातले सहा खिळे नीट बसायला लागले. डोळ्यांचं मात्र जमलं नाही.

शनिवारी सकाळी त्यानं भाड्याची पावती फाडली. भाड्यानं नेणाऱ्याचं नाव: आर्मस पेल्टोनेन. मग नियम मोठ्यानं वाचले, स्वतःलाच. देणाऱ्याच्या जागी सही केली, घेणाऱ्याच्या जागी सही केली, आणि लाल प्रत फाडून स्वतःच्या खिशात घातली. मी बघत राहिले. गंमत करत असता तर बरं झालं असतं.

मी आर्मसच्या मदतीला म्हणून बरोबर गेले. जोलीनच्या दारात, तिच्या बुटांशेजारी, आर्मस, ड्वेन आणि मी, तिघांनी बूट काढले. हे सांगायची गरज नाही, पण पुढं लागणार म्हणून सांगते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत आमच्याकडं बुटाला चिखल, मीठ आणि वाळू असते. बूट घालून कुणी कुणाच्या उंबऱ्याच्या आत जात नाही. घराला आग लागली तर बंबवाल्यांनासुद्धा आधी पायपुसण्याकडं बोट दाखवणारी माणसं आम्ही. खोलीत जमीन अजून नव्हतीच, नुसत्या जुन्या तळफळ्या आणि त्यावर अंथरलेला काळा कागद. तरी पण घर ते घर. आर्मसच्या पायात मार्व्हानं विणलेले राखी लोकरीचे मोजे होते. धुऊन धुऊन सैल झालेले, पुढं चार बोटं लोंबत होते.

जोलीननं निसूचे, म्हणजे वेलदोड्याच्या गोड पावाचे, काप आणि कॉफी ठेवली होती. ड्वेन पेस्ट्या घेऊन हजर. खिडकीच्या कठड्यावर असा बसला की जणू हॉकीचा सामना सुरू होणार.

पहिल्या तीन ओळी भिंतीलगत असतात, तिथं नेलर मावत नाही. त्या साध्या हातोडीनं, आधी भोकं पाडून ठोकतात. हे आर्मसला माहीत होतंच. खडूचा दोरा, भिंतीपाशी फट, लांब-आखूड पट्ट्या मिसळणं, सगळं तो सांगत गेला आणि मी ठोकत गेले. तीन ओळी झाल्या. इतक्या सरळ की ड्वेन म्हणाला, "बघ पोरी, बघून ठेव. असं काम बघाय मिळत न्हाई."

जोलीन म्हणाली, "बघतेय ना." आणि बापाकडं बघून हसली. ते हसू बघून मी मान खाली घातली आणि हातोडी बाजूला ठेवली.

चौथी ओळ. आर्मसनं नेलर उचलला. टाचा भिंतीला लावून ठोकलेल्या पट्ट्यांवर उभा राहिला, पायांची बोटं कडेशी, जिभेच्या बाजूला. वाकला. नेलर जिभेवर बसवला. पहिला घाव: धडाम्! खिळा बसला. पूर्ण. दुसरा: बसला. ड्वेननं टाळी वाजवली. आर्मस एक वीत सरकला, नेलर सरकवला, हातोडा उचलला, आणि मी बघितलं, त्यानं डोळे मिटले.

धडाम्.

मग काहीच नाही. आर्मस तसाच वाकलेला. सरळ होईना. हातोडा हातात. त्यानं डोळे उघडले, खाली बघितलं, आणि अगदी शांत आवाजात म्हणाला, "बर्नी. माझा पाय."

खिळा त्याच्या डाव्या पायातून जिभेत गेला होता.

जोलीन किंचाळली. ती ओरडत नाही असं तो म्हणाला होता ना? सगळ्या गल्लीनं ऐकलं. ड्वेनच्या हातातली पेस्टी काळ्या कागदावर पडली. मी हवेची नळी ओढून काढली, गुडघ्यावर बसले आणि त्याच्या पायाकडं हात नेला, पण लावायचा धीर होईना. रक्त कसं नाही? रक्त का येत नाही?

"बोटं हालव," मी म्हटलं.

राखी लोकरीच्या आत काहीतरी हललं. मग पुन्हा हललं. खिळ्याच्या एक अंगुळ मागं. मोज्याचं लोंबतं टोक जिभेवर पडलं होतं आणि ते जिभेसकट ठोकलं गेलं होतं. बोटं पाचही शाबूत.

जोलीन भिंतीला टेकून खालीच बसली. हाताच्या ओंजळीत तोंड. "बाबा, तू डोळे मिटले होतेस," ती म्हणाली. "मी बघितलं. डोळे का मिटलेस?"

आर्मस अजून वाकलेलाच. मोजा ठोकलेला असल्यामुळं त्याला कुठं जाता येत नव्हतं. त्यामुळंच त्यानं सांगितलं असावं.

"म्या ह्ये कधी केलं न्हाई, जोलीन."

"मोजे घालून?" ड्वेननं विचारलं.

"कसंच न्हाई. कधीच न्हाई. ही माझी पयली."

ड्वेनचं तोंड उघडं राहिलं होतं, आत पेस्टीचा घास दिसत होता.

"माझी बैठक," शेवटी तो म्हणाला. "माझी बैठक तू सांगितलीस. धा दिवस लाकूड घरात ठेव म्हणालास!"

"ती चूक उर्होची. तुझ्या आदल्या साली केल्याली."

"भिंतीपाशी फट?"

"अगदी पयलं गिऱ्हाईक."

"भिऊन मारू नगंस, अर्धाच जातो?"

"त्ये तूच सांगितलंस मला. सोमवारी."

ड्वेन कठड्यावरून उठला, पुन्हा बसला. चेहरा लाल. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार आणि तासाभरात गावभर करणार. पण तो मोज्याकडं बघत होता. खिळ्याकडं. त्याच्या मानेपर्यंत लाली उतरली.

"खिडकीखाली," तो पुटपुटला. "सहाव्या ओळीत."

"काय?"

"माझा. हिरवा हुता."

आर्मसनं वाकल्या वाकल्या मान वळवली. "तुझा काय हिरवा हुता?"

"मोजा, लेका! ठोकला गेला! कापून टाकला आन वरनं पट्टी बसवली! बायकूला अजून म्हाईत न्हाई!"

चौतीस वर्षांतलं मला माहीत नाही, पण एकोणीस वर्षांत मी आर्मसला संतापलेला पाहिला नव्हता. त्या क्षणी तो एका पायावर, दुसरा जमिनीला जखडलेला, हातोडा ड्वेनच्या दिशेनं हलवत गरजला, "मग सोमवारी येऊन सांगितलं का न्हाईस मला?"

"लाज वाटली!"

"लाज? लोकांचं पाय जात्याल की रं! किती जणांनी असं केलं आसंल? सगळी मोज्यावरच ठोकत्यात! आन मला कुणी एका शब्दानं... मी एवढं धडं सांगतो, आन बूट घाला म्हणून एकदा तरी म्हणालो का? मला कसं कळणार? कुणी सांगितल्याबिगर मला कसं कळणार?"

तेवढ्यात जोलीन उठली आणि दाराकडं गेली.

आर्मसनं तिच्या पाठीकडं बघितलं. त्याचे खांदे एकदम पडले. मी तर डोळे दुसरीकडं वळवले. दार उघडल्याचा आवाज आला, गार हवा आत आली. आता ती म्हणणार, राहू दे बाबा. शांतपणे.

मग पावलं ऐकू आली. जड. ठक, ठक, ठक. घरात!

जोलीन बूट घालून आत आली. चिखलाचे बूट, मीठ लागलेले, नाड्या बांधलेले. हातात बापाचे बूट. माझ्या उभ्या जन्मात मी असं दृश्य पाहिलं नव्हतं. ड्वेननं तर खरोखर छातीवर हात ठेवला. तिनं ते बूट काळ्या कागदावर आर्मसच्या पुढ्यात आपटले.

"घाल," ती म्हणाली.

"पोरी, घरात..."

"घाल म्हणते ना. एक ओळ तू, एक ओळ मी. तू ठोकताना डोळे उघडे आहेत का ते मी बघणार. आणि मी ठोकताना तू माझ्या चुका सांगायच्या. तेवढं तर येतं ना तुला?"

"येतं," आर्मस म्हणाला. "त्ये सगळं येतं."

"मग झालं तर. आधी पाय काढ त्यातनं."

त्यानं मोज्यातून पाय बाहेर ओढला. पांढरा, म्हातारा पाय. ड्वेननं खिशातला चाकू काढून खिळ्याभोवतीची लोकर अनुभवी हातानं कापली, आणि अनुभवी हात कशामुळं ते आता तिघांना कळत होतं. खिळ्यापाशी राखी लोकरीचा एवढासा ठिपका राहिला. जोलीननं त्यावर बोट फिरवलं.

"आईचे ना?"

"व्हय."

"मग राहू दे," म्हणाली, आणि चौथी ओळ पुरी होताच पाचवीची पट्टी उचलून स्वतःच बसवली. ठोकताना तिचा नेलर मागच्या बाजूनं उचलला गेला. आर्मस एका बुटात मोजा, एका बुटात अनवाणी पाय, लगेच ओरडला, "टाच वर उठलीया त्याची! दाब! मेल्विनची चूक करू नगंस!"

रविवारी दुपारी खोली पूर्ण झाली. ओळी मोजल्या तर जोलीनच्या जास्त निघाल्या. त्याच्या ओळींत अर्धे बसलेले आठ खिळे मी नंतर हातानं आत घातले, हे आपल्यात राहू द्या.

सोमवारी सकाळी नऊच्या आत सगळ्या गावाला कळलं होतं. मला वाटलं, आता गल्ल्यावर चिटपाखरू येणार नाही. दहापर्यंत तिघं आले. एकालाही काही भाड्यानं न्यायचं नव्हतं. प्रत्येकजण इकडं तिकडं बघून, आवाज बारीक करून बोलला. एकाची सपात गेली होती, एकाचा मोजा, आणि मेल्विनचं, देवा रे, करंगळीचं नख. आर्मसनं तिघांचं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि काहीतरी मनाशी नोंदवून ठेवलं.

अकराला एक नवं जोडपं आलं, हौटनच्या बाजूचं. त्यांना काही माहीत नव्हतं. लाकूड दहा दिवस घरात ठेवलंय, खोली एकच, शनिवारी नेलर हवा. सगळं बरोबर. मग मुलीनं सहज विचारलं, "तुम्ही स्वतः केलंय का हे कधी?"

मी मागं घासणयंत्र बंद केलं.

"व्हय," आर्मस म्हणाला. "एक. अर्धी पोरीनं ठोकली." आणि गल्ल्यावर ओणवा होऊन त्यानं त्या दोघांच्या पायांकडं बघितलं. "बूट हायेत का तुमच्याकडं? घरात घालायचं. व्हय, घरात. तोंड वाकडं करू नगा, आधी ऐका."